सभासद क्रमांक ४१७

“नंबर सांगा,” काउंटरवरची मुलगी म्हणाली. मी पाकीट चाचपत होतो, तेवढ्यात शेजारी उभ्या असलेल्या आईनं सांगून टाकलं, “चारशे सतरा.”

मुलीनं तीन आकडे टाइप केले, पुढच्या सातांची वाट बघितली आणि मग माझ्याकडे बघितलं. रांगेत मागे कुणीतरी खुदकन हसलं. मी घाईघाईनं मोबाईल नंबर सांगितला, पडद्यावर माझं नाव आलं, प्रकरण तिथंच मिटलं. आई मात्र रिक्षात बसेपर्यंत गप्प होती.

४१७ हा आमचा ग्राहक भांडारातला सभासद क्रमांक. भांडार बंद पडून पंचवीसेक वर्षं होऊन गेली. आईला माझा मोबाईल नंबर अजून पाठ नाही, पण हा झोपेतून उठवून विचारला तरी सांगेल.

सांगलीत वाढलेल्याला सहकार वेगळा शिकवावा लागत नाही. साखर कारखाना सहकारी, सूतगिरणी सहकारी, बँक सहकारी, मग तूरडाळीनं काय घोडं मारलं होतं? १९६२ च्या चीन युद्धानंतर भाव कडाडले, तेव्हा केंद्र सरकारनं शहराशहरांत ग्राहक भांडारं काढायची योजना आणली. मुंबईत अपना बाजार, वारणानगरला वारणा बाजार ही सहकारी भांडारांच्या घराण्यातली नाव काढलेली मंडळी. आमचं भांडार आपलं दोन गाळ्यांचं. आत शिरलं की आधी गोडेतेलाचा वास, मग फिनेलचा, आणि कोपऱ्यात वह्यांच्या गठ्ठ्यांजवळ गेलं की कोऱ्या कागदाचा.

खरेदीचीही एक रीत होती. पहिल्या टेबलावर यादी द्यायची. ती बाबांच्या पाटबंधारे खात्यातल्या जुन्या फॉर्मच्या पाठकोऱ्या बाजूवर लिहिलेली असायची. तिथले काका कार्बन घालून बिल करायचे. दुसऱ्या टेबलावर पैसे भरायचे, शिक्का मारून घ्यायचा. मग तिसरीकडे काट्यापाशी जाऊन उभं राहायचं. काटेवाला पत्र्याच्या सुपल्यानं साखर ओतायचा, पारडं खाली गेलं की चिमूटभर काढायचा, वर गेलं की अर्धी चिमूट घालायचा. ही चिमूट घालणं-काढणं आई टक लावून बघायची. पुडी बांधली की छताला टांगलेल्या रिळाचा दोरा खसकन ओढून तो बोटावरच तोडायचा. मी घरी येऊन तसा दोरा तोडायला गेलो आणि बोट कापून घेतलं.

पेठेत वाण्याकडे सुटे नसले की गोळ्या हातावर ठेवायचे. भांडारात पाच पैसेसुद्धा मोजून परत मिळत. ऑडिट असतं म्हणे. त्यामुळे मला वाण्याकडे जायला आवडायचं आणि आईला भांडारात.

जूनमध्ये तिथं सवलतीच्या वह्या यायच्या. कागद असा की शाईचं पेन टेकवलं की अक्षराला मिशा फुटायच्या. वर्गात ज्याच्या वहीत अक्षरांना मिशा, तो भांडाराचा, हे सगळ्यांना ठाऊक. मला लाज वाटायची, ते आता कबूल करायला हरकत नाही.

उगाच गोडवेही गाऊ नयेत. तांदळात खडे असत. नेमकी सणाच्या तोंडावर “डाळ आलेली नाही” अशी पाटी लागे. दुपारी एक ते तीन जेवणाची सुट्टी, आणि तीन म्हणजे साडेतीन. “हा साबण नको, तो दाखवा” म्हटलं की तिसऱ्या टेबलावरचा माणूस असा बघायचा, जणू त्याच्या मुलीला नकार दिलाय. एकदा परीटघडीचा सदरा घातलेले बाबा साध्या दाढीच्या ब्रशचा भाव विचारायला संकोचले आणि तसेच परत आले. आज सुपरमार्केटात वीस वस्तू उचलून वीस परत ठेवल्या तरी कुणी विचारत नाही. बाबा असते तर खूश झाले असते.

आई नाही होत. विश्रामबागेकडच्या त्या सुपरमार्केटच्या दारातच पहिला खटका उडतो. तिथला माणूस तिच्या कापडी पिशवीचं तोंड प्लॅस्टिकच्या पट्टीनं आवळून टाकतो. “आता सामान काय डोक्यावर न्यायचं?” ती विचारते. तो म्हणतो, “मावशी, नियम आहे.” मग ती आवळलेली पिशवी ट्रॉलीत ठेवून ती निघते, आणि ट्रॉली मलाच ढकलावी लागते. या गाडीचा जन्म १९३७ चा, अमेरिकेतल्या ओक्लाहोमा शहरातला. सिल्व्हन गोल्डमन नावाच्या दुकानदारानं आणली, तर गिऱ्हाइकं हात लावीनात. शेवटी त्यानं पगारी माणसं ठेवली, दुकानभर ती ढकलत फिरायला. आईला हे सांगितलं तर म्हणाली, “तुला कितीवर ठेवलंय?”

हळदीच्या कपाटापाशी ती हटकून थांबते. पाकीट नाकाशी नेते, वास येत नाही, परत ठेवते. हरिपूरच्या पेवांतली हळद बघितलेली बाई ती. जमिनीखालच्या त्या कोठारांत वर्षानुवर्षं माल राहायचा. सांगलीच्या हळदीला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालं, आणि आम्ही सांगलीतच उभे राहून भलत्याच गावचा पत्ता छापलेली शंभर ग्रॅम हळद उलटसुलट करून बघतोय.

सवलत मात्र इथं भिंतीभिंतीवर. छापील किंमत खोडलेली, खाली लाल आकडा. पूर्वी पाकिटावर ‘स्थानिक कर वेगळे’ असं बारीक अक्षरात असायचं आणि त्या ‘वेगळे’मध्ये दुकानदार वाटेल ते मिसळायचा. १९९० मध्ये सगळे कर धरून एकच कमाल किंमत छापायची सक्ती झाली. यापेक्षा जास्त घेऊ नका, म्हणून तो आकडा आला. आता तो खोडून दाखवायच्या कामी येतो.

भांडाराची सवलत भिंतीवर नसायची. भाव वाण्यापेक्षा चार-आठ आण्यांनी कमी, बस्स. खरी गंमत दिवाळीला. वर्षभराची पांढरी बिलं आई तारेला टोचून ठेवायची. दिवाळीआधी त्यांची बेरीज करून भांडारात न्यायची आणि खरेदीच्या प्रमाणात रिबेट मिळायचं, रोख. त्यातून आमचे फटाके. पुढं बी.कॉम.ला सहकाराच्या पेपरात रॉचडेल आलं. इंग्लंडातल्या त्या गावात १८४४ साली २८ जणांनी, त्यात विणकर बरेच, पीठ, लोणी, साखर, मेणबत्त्या असलं सामान ठेवून दुकान काढलं. फायदा खरेदीच्या प्रमाणात सभासदांत वाटायचा, हा त्यांचा नियम. वर्गात सगळे लिहून घेत होते. मला लवंगी फटाक्यांचा वास येत होता.

भांडाराचं शटर कायमचं खाली आलं तेव्हा भागभांडवल कुणालाच परत मिळालं नाही. आमचे दहा रुपयांचे पाच शेअर. तो कागद आईनं माळ्यावर पत्र्याच्या डब्यात ठेवलाय. २०१९ च्या ऑगस्टात आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली आणि आमच्या स्वयंपाकघरात छातीएवढं पाणी आलं. फ्रिज गेला, धान्य गेलं, माझ्या पदव्या गेल्या. डबा वाचला.

तर त्या दिवशी घरी आलो. आईनं चष्मा लावला, सुपरमार्केटचं हातभर बिल पसरलं आणि पिशवीतली एकेक वस्तू काढून टिक करत गेली. दोन वस्तू यादीत नसलेल्या निघाल्या, दोन्ही माझ्या. बिलाच्या तळाशी येऊन तिनं बोट ठेवलं.

“हे काय लिहिलंय?”

“आपली बचत, दोनशे शहाऐंशी रुपये.”

“कुणाची?”

“आपलीच की.”

“मग कुठायत?” असं म्हणून तिनं हात पुढं केला.

मी तिला समजावायला लागलो की छापील किमतीपेक्षा तेवढे कमी लागले, म्हणून ते वाचले, तसे कुणी हातात देत नाही. तिनं ऐकून घेतलं. हात तसाच. शेवटी मी पाकिटातून शंभराच्या तीन नोटा काढून तिच्या हातावर ठेवल्या.

ती आत गेली, डब्याचं झाकण वाजलं, आणि बाहेर येऊन तिनं मला चौदा रुपये मोजून परत दिले.