एकाच घाण्याच्या दोन बरण्या

कोल्हापुरात नुसतं ‘चटणी’ म्हटलं की शेंगदाण्याची नव्हे, वर्षाची कांदा-लसणाची लाल चटणी. होळीनंतर मिरची घ्यायची, उन्हात कडक वाळवायची आणि मिरगाच्या आत डंकावरून, म्हणजे मोटरीवरच्या मुसळांच्या कांडपावरून, कुटून बरणीत भरायची. एप्रिल-मे महिन्यात आमच्या डंकाच्या दारात सकाळी सहापासून डब्यांची रांग असते. उरलेलं वर्ष हळद, गोडा मसाला, किरकोळ कूट. त्यामुळं श्रावणात कुणी चटणीची बरणी घेऊन पायरी चढलं की समजायचं, कुटायला नाही, भांडायला आलंय.

त्या वहिनी मात्र भांडल्या नाहीत. पाच किलोची प्लास्टिकची बरणी काउंटरवर ठेवली आणि झाकण काढलं. ओल्या पोत्याचा वास आला. चटणीचे गोळे झालेले, चमचा घातला की वड्यांसारखे तुटत होते. कडेनं, झाकणाच्या खाली, करड्या-हिरव्या बुरशीची कड. रंग मात्र चांगला होता.

“नणंदंची बरणी इचलकरंजीत हाय. मिरची एक, कांदा एक, डंक तुमचाच, दिवसबी त्योच. तिची अजून सुटी सुटी हाय. मग माझीच कशी गेली वो दादा?”

प्रश्न रास्त होता. वही काढली. दोघींची मिळून चार किलो बिनदेठाची मिरची: दोन किलो ब्याडगी, दीड किलो संकेश्वरी, अर्धा किलो लवंगी. हे प्रमाण जाणत्या घरातलं आहे. ब्याडगी म्हणजे हावेरी जिल्ह्यातली, सुरकुतलेली. ती रंग देते, तिखट नावाला. संकेश्वरी गडहिंग्लजच्या बाजारातून येते, ती चव आणि वास देते. तिखटाला लवंगी. हल्ली बरीच मंडळी स्वस्तात सगळी गुंटूर घेऊन येतात आणि वर विचारतात, रंग का नाही आला. पल्याडच्या गल्लीत रंग घातलेली पूड मिळते, तिकडं जा म्हणून सांगावंसं वाटतं.

बाकीची यादी: धणे एक किलो, सुकं खोबरं एक किलो, तीळ चारशे ग्रॅम, कांदा दोन किलो, लसूण एक किलो, आलं पाव किलो, कोथिंबिरीच्या दोन जुड्या, खडा मसाला चारशे ग्रॅम, तेल पाऊण किलो, खडे मीठ सव्वा किलो. कांदा तळून अर्ध्याच्याही खाली येतो, कोथिंबीर वाळून मूठभर होते. सगळं मिळून दहा किलोच्या आसपास चटणी. पाच-पाच किलो वाटून घेतलेली.

मी नेहमीचे प्रश्न विचारले. कांदा कसा तळला होता? आमच्याकडं त्याची एक परीक्षा आहे. उभा पातळ चिरून दोन दिवस उन्हात घातलेला आणि मग तळलेला कांदा गार झाल्यावर मुठीत दाबायचा. चुरा झाला तर उखळात घालायचा, गोळा झाला तर परत कढईत. रंगानं फसायला होतं, बाहेरून तांबूस आणि आत ओला राहतो. हा ओलावा महिनाभर काही करत नाही, पाऊस लागला की जागा होतो. वहिनी म्हणाल्या, कांदा दोघींनी एकाच कढईत तळला. म्हणजे तो दोष असला तर दोन्ही बरण्यांत हवा.

चमचा ओला? नाही. बरणी धुऊन उन्हात? होय. भरली कधी? “घरी गेल्या गेल्या.”

इथं मी थांबलो, आणि चुकलो ते इथंच. डंकावरची चटणी चक्कीतल्यासारखी चटका देत नाही. मोटरीवर उचललेलं लोखंडी मुसळ वरून पडतं, दाणा चिरडतो, पापुद्रा होतो, तेल जागच्या जागी सुटतं. म्हणून तर लोक डंकावर येतात. तरी तासभर कुटल्यावर माल कोमट होतोच. तो तसाच भरून झाकण घट्ट लावलं की आत घाम धरतो आणि झाकणाचं पाणी कडेनं उतरतं. बुरशीची कड बरोबर तिथंच होती. नणंदेनं चटणी रात्रभर सुती कापडावर पसरली होती, सकाळी चिनी मातीच्या बरणीत दाबून भरली, वर हिंगाचा खडा ठेवला, तोंडाला फडकं बांधलं. मला उत्तर मिळालं होतं. मी वहिनींना ते जरा शहाणपणाच्या सुरातच सांगितलं.

जाता जाता त्या म्हणाल्या, “यंदा आमटीला मीठबी लई लागतंय.” मी मान हलवली. मीठ कमी लागतंय, जास्त लागतंय, असलं बायका बोलतातच, असं मनात म्हणालो असेन.

बुरशी वरवर काढून, उन्हं दाखवून वापरू का, असं त्यांनी विचारलं. नाही म्हणालो. मिरचीवरच्या काही बुरशी अफ्लाटॉक्सिन नावाचं विष तयार करतात. ते उन्हानं जात नाही, फोडणीतही जात नाही, आणि ते डोळ्यांना दिसत नाही. म्हणून कड काढून आतली चटणी वाचली असं होत नाही. पाच किलो चटणी टाका असं तोंडावर सांगणं सोपं नसतं. त्यांनी बरणी उचलली, काही बोलल्या नाहीत.

आठवड्यानं नणंद आल्या, लाडूसाठी सुंठ कुटायला. त्यांच्या चटणीचं कसं काय म्हणून मीच विचारलं. “टिकलीया झकास, पण खारट. भाकरीवर तेल-चटणी घेतली की पाणी पाणी होतंय. वहिनीनं मीठ दोनदा टाकलं वाटतं.”

हातातली सुंठ तशीच राहिली.

त्यांना थोडी चटणी पाठवून द्यायला सांगितलं. वहिनींच्या चटणीचे चार चमचे मी त्या दिवशी डबीत ठेवले होते, पुढच्या मोसमात लोकांना दाखवायला, भरायची घाई केली की काय होतं म्हणून. दोन्हींतली दहा-दहा ग्रॅम तोलली, प्रत्येकी अर्धी वाटी कढत पाण्यात टाकली, फडक्यातून गाळली. बुरशीची म्हणून चाखायची नव्हती, तेव्हा दोन्ही पाणी दोन तव्यांवर आटवली. नणंदेच्या तव्यावर तांबूस पांढऱ्या मिठाची जाड साय धरली. दुसऱ्यावर लालसर डाग, मीठ नावाला.

आता कसं झालं ते सांगतो. चार किलोचा घाणा एका उखळात मावत नाही, दोन उखळं लागतात. आधी मिरची एकटी कुटून चाळतो, चाळण्यावर उरलेला चाळ परत उखळात. मग भाजलेले धणे आणि खडा मसाला. मसाल्यातला प्रत्येक जिन्नस वेगळा भाजलेला लागतो, कारण दालचिनीला घाम फुटेपर्यंत मेथी करपून कडू होते. दगडफूल आधी चाळून घ्यावं लागतं, त्यात वाळू असते. तीळ-खोबरं त्यानंतर, ते आधी घातलं तर तेलानं मिरची मुसळाला चिकटते. शेवटी कांदा, लसूण, आलं, कोथिंबीर. आणि मीठ याच टप्प्यावर, कारण खड्यांच्या धारेनं लसूण लवकर फुटतो आणि त्याची ओल मीठ धरून ठेवतं. हा ओला भाग एका उखळात कुटायचा, मग दोन्ही उखळांतला माल परातीत ओतून हातानं खालीवर करून एकजीव करायचा, आणि परत थोडं मुसळ द्यायचं.

त्या दिवशी वीज दोनदा गेली होती. बाहेर बारा डबे उभे. ओला भाग दोन्ही उखळांत घातला, पण मीठ सगळं डावीकडच्यात पडलं, आणि परातीचं काम राहिलं. डावं उखळ एका डब्यात रिकामं केलं, उजवं दुसऱ्या. डंकावरच्या पोराला विचारलं तर त्याला आठवत नाही. इतक्या घाण्यांत कसं आठवेल. लक्ष ठेवायचं काम माझं होतं. पाच किलोत सव्वा किलो मीठ म्हणजे लोणच्याच्या वरताण. दुसऱ्या पाच किलोत शिंतडलं असेल तेवढंच. मीठ नुसतं चवीला नसतं. ते मालातलं पाणी असं बांधून ठेवतं की बुरशीला ते वापरता येत नाही.

तरी एक गाठ सुटलेली नाही. फक्त अळणीपणानं चटणी गेली असती का? वहिनींनी ती गार करून भरली असती तर कदाचित दिवाळीपर्यंत टिकली असती. की मीठ नीट असतं तर कोमट भरूनही निभावलं असतं? दरवर्षी किती घरं कोमटच भरतात, त्यांची जात नाही. मी त्यांना दिलेलं उत्तर खोटं नव्हतं, अर्धं होतं, आणि नेमकी माझी अर्धी बाजू त्यात नव्हती.

वहिनींच्या घरी गेलो, सांगितलं. मिरची मी देतो म्हणालो. पण श्रावणात ऊन नाही, कढईत भाजून कडक केलेली मिरची काळवंडते. तेव्हा ऑक्टोबरच्या उन्हावर ठरलं. आता आमच्याकडं मीठ वेगळ्या पातेल्यात तोलून परातीशेजारी ठेवतो, आणि पातेलं रिकामं होईपर्यंत डबा भरत नाही.

दसऱ्यानंतर दोघी आल्या. कांदा मुठीत दाबून दाखवला, चुरा झाला. बसायला स्टूल दिलं, त्या उखळाजवळ उभ्याच राहिल्या. मीठ माझ्याकडचं घ्यायला नको म्हणाल्या. वहिनींनी पिशवीतून घरून आणलेलं काढलं. तोलून, सारख्या दोन पुड्यांत बांधलेलं.