आमची वाटचाल : आरत्यांच्या कमाईवर एक प्रेमगीत

आमच्या ध्वनिमुद्रणाच्या व्यवसायाचा बराचसा खर्च एकटा चतुर्थीचा हंगाम भागवतो, असे म्हटल्यास वावगे ठरू नये. त्याआधीच्या दिवसांत गोव्यातील फोंडा, डिचोली आणि सत्तरी तालुक्यांतील मंडळे आपल्या घुमट आरत्या (घुमट या मातीच्या वाद्याच्या साथीने म्हटल्या जाणाऱ्या) मुद्रित करून घेण्यासाठी येतात. पुढे जत्रा सुरू झाल्या की देवळांच्या प्रांगणात होणाऱ्या मराठी नाटकांचे पार्श्वसंगीत, भजने आणि अधूनमधून एखाद्या दुकानाची जाहिरात, असे काम मिळत राहते. या कामात आम्हाला कमीपणा वाटत नाही. त्यातून उरणाऱ्या पैशांवर स्वतःची गाणी करता यावीत, याच हेतूने धाकट्या भावाने आणि मी घराच्या पडवीलगतची खोली काथ्याच्या गाद्या व जुन्या गोधड्या लावून तयार केली.

आमच्या स्वतःच्या नावावर निघणारे पहिले गाणे प्रेमगीत असावे, हा आग्रह माझा. गोव्याचे प्रेमगीत म्हटले की मांडो हा गीतप्रकार आठवतो, आणि तो मान योग्यच आहे. परंतु मांडो कोकणी, ख्रिस्ती घरांत एकोणिसाव्या शतकात बहरलेला. आमच्या कानांवर लहानपणापासून होती ती नाट्यपदे, आरत्या आणि मांडावर, म्हणजे गावच्या ठरलेल्या अंगणात, धालो हे लोकनृत्य खेळणाऱ्या बायकांची कोकणी-मराठी सरमिसळीची गाणी. त्यामुळे मी ओवीचा साचा घेतला : पहिल्या तीन चरणांत यमक आणि चौथा चरण आखूड. रायबंदरहून येणाऱ्या फेरीबोटीची वाट पाहत चोडणच्या धक्क्यावर उभी असलेली मुलगी, एवढाच प्रसंग.

भरती चढली, पायरी बुडाली,
नजर अडली, फेरीपाशी.

ही मुलगी भरतीशी बोलते, फेरीबोटवाल्याशी बोलते, सोबतच्या मैत्रिणीला दटावते. ज्याची वाट पाहते त्याच्याशी मात्र एक शब्दही बोलत नाही. त्याला उद्देशून लिहिलेली दोन कडवी मी शेवटी काढून टाकली, कारण जात्यावर बसणारी बाई मनातले सगळे सखीला किंवा पाखराला सांगते आणि तो आडपडदा गेला की ओवीचा जीवच जातो. (समुद्रकिनारा आणि माड घालावेत, अशी सूचना दृश्यफीत करू इच्छिणाऱ्या एका ओळखीच्या गृहस्थांनी केली होती. चोडणला जायला मांडवी ओलांडावी लागते, समुद्र नव्हे.)

खरा कस लागला तो घुमटाच्या मुद्रणात. घुमट म्हणजे दोन्ही बाजूंनी उघडे मातीचे भांडे. मोठ्या तोंडावर चामडे ताणून बसवतात आणि लहान तोंड डाव्या तळव्याने कमी-अधिक झाकून खर्जाचा घुमारा काढतात. पूर्वी त्यावर घोरपडीचे चामडे असे. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने घोरपडीच्या शिकारीला बंदी असल्यामुळे आता बकऱ्याचे चामडे वापरतात, आणि 2019 मध्ये घुमटाला राज्याच्या वारसा वाद्याचा दर्जा मिळाला तो याच नव्या रूपात. आमचे घुमटवादक काका पावसाळ्यात चामडे सैल पडते म्हणून मुद्रणाला तयार होत नाहीत, आणि झालेच तर दर थोड्या वेळाने घुमट शेगडीपाशी नेऊन शेकतात. आम्ही एक माइक चामड्याजवळ आणि दुसरा लहान तोंडाच्या किंचित बाजूला लावतो. अगदी समोर लावला तर आतून येणारा हवेचा झोत माइकवर आदळतो.

प्रत्येक वाद्य वेगवेगळे, मेट्रोनोमच्या ठोक्यावर मुद्रित करण्याची आजची पद्धत स्वस्त आणि सोयीची आहे, आणि जाहिरातींसाठी आम्हीही तीच वापरतो. परंतु घुमट, शामेळ (चर्मवाद्य) आणि कांसाळे (झांजा) यांची लय बांधलेली नसते. वादक एकमेकांकडे पाहत ती हळूहळू चढवत नेतात, आणि गाणारीचा श्वासही त्याच चढावर असतो. म्हणून हे गाणे सर्वांना एकाच खोलीत बसवून मुद्रित केले. गायिकेच्या माइकमध्ये शामेळचा आवाजही थोडा आला आहे. तो तसाच ठेवला.

वितरणाच्या वेळी गाण्याचा आरंभ आखूड करण्याचा सल्ला मिळाला. स्पॉटिफायवर 30 सेकंद ऐकल्यानंतरच एका श्रवणाची नोंद होते आणि आमच्या गाण्यात तोवर नुसते घुमट चाललेले असते, हे खरे आहे. पैशाच्या दृष्टीने तो सल्ला योग्यही असेल, पण घुमटाने ठेका बसवल्याखेरीज शब्द उचलणे आमच्याकडे कोणी करत नाही.

कागदपत्रांच्या बाबतीत मात्र आम्ही पहिल्यापासून काटेकोर आहोत. काम सुरू होण्यापूर्वी प्रत्येक वादकाशी मानधनाचा मराठीतून लेखी करार होतो. कॉपीराइट कायद्यातील 2012 च्या सुधारणेनंतर गीतकार-संगीतकारांचा रॉयल्टीचा वाटा निर्मात्याला कायमचा लिहून घेता येत नाही, हेही बाहेरून येणाऱ्या प्रत्येक कवीला आम्ही आधीच सांगतो. चाल लोकपरंपरेतील असेल तर श्रेयनामावलीत तिच्यापुढे ‘पारंपरिक’ असे लिहिले जाते आणि आमचे नाव फक्त संयोजनापुढे येते. आपल्या आजीची चाल स्वतःच्या नावावर करून मागणाऱ्या दोघातिघांना या नियमापायी आम्ही परत पाठवले आहे.

पुढचे गाणे तयार आहे, त्यात पुरुषाचा आवाज लागणार आहे आणि त्याचे मुद्रण पाऊस ओसरल्यावरच होईल. आरतीमंडळांनी चतुर्थीसाठीच्या तारखा आषाढापूर्वी ठरवाव्यात आणि घुमट स्वतःचे आणावेत, कारण परक्या घुमटावर बसलेला हात मोकळा वाजत नाही.