उजवा कान, डावा कान

आमच्या पुण्यातल्या स्टुडिओत कॉलेजची चार पोरं पहिलं गाणं रेकॉर्ड करायला आली. पैसे जेमतेम एका दिवसाच्या भाड्यापुरते आणि गिटारवाल्याला हवे होते एकावर एक रेकॉर्ड केलेले गिटारचे आठ थर. "दादा, आवाज मोठा पाहिजे." तसं करत बसलो असतो तर गायकाची पाळी दिवाळीनंतर आली असती.

मी 'रामोन्स' या अमेरिकन पंक रॉक बँडचा पहिला अल्बम लावला. नाव त्यांना माहीत होतं, टी-शर्टवरून! फेब्रुवारी १९७६ मध्ये न्यूयॉर्कच्या रेडिओ सिटी म्युझिक हॉलच्या इमारतीतल्या प्लाझा साउंड स्टुडिओत झालेलं हे काम. खर्च सुमारे ६,४०० डॉलर, गाणी १४, सगळी मिळून अर्ध्या तासाच्या आत. वाद्यं तीन-चार दिवसांत उरकली होती.

मग मी उजवा स्पीकर बंद केला. गिटार जवळपास गायब, राहिला डी डीचा बास, म्हणजे खालच्या सुरांची गिटार. डावा बंद केला तर उलट. ड्रम आणि गायक जोईचा आवाज मधोमध. निर्माता क्रेग लिऑनची ही मांडणी साठच्या दशकातल्या स्टिरिओ रेकॉर्डची आठवण करून देते. लोक या अल्बमला ओबडधोबड म्हणतात, मला ते पटत नाही. एवढं कमी ठेवायचं तर काय ठेवायचं ते आधी पक्कं ठरलेलं लागतं.

विक्री बेताचीच झाली. बिलबोर्ड या अमेरिकन खपाच्या यादीत १११ व्या क्रमांकाच्या वर तो सरकला नाही. पण 'द क्लॅश' या ब्रिटिश पंक बँडचा पॉल सिमोनन रामोन्सच्या रेकॉर्डसोबत वाजवतच बास शिकला. अमेरिकेत पाच लाख प्रतींसाठीचं 'गोल्ड' मिळायला २०१४ उजाडलं. तेव्हा मूळ चौघांतला एकटा ड्रमर टॉमी हयात होता, तोही त्याच जुलैत गेला.

इतका वेळ कोपऱ्यात बसलेला बासवाला म्हणाला, "डावी बाजू परत लावा ना." आणि वायर जोडून तो सोबत वाजवायलाच लागला. गिटारवाल्याने रामोन्सच्या गिटारिस्ट जॉनीसारखे नुसते डाउनस्ट्रोक, म्हणजे फक्त वरून खाली फटके, मारून पाहिले. गाणं संपायच्या आत मनगट धरून बसला. आठ थरांचा विषय तिथेच मिटला.

चौघांना एकत्र वाजवायला लावलं आणि संध्याकाळच्या आत गाणं झालं. मिक्सच्या वेळी, म्हणजे सगळे आवाज जुळवताना, बासवाला हटून बसला: बास पूर्ण डावीकडेच हवा. हल्ली लोक एकच इअरफोन घालून ऐकतात, अर्धं गाणं जाईल, असं मी समजावलं.

"मग दुसरा घालतील की!" तो म्हणाला.

तरी मी बास थोडा मध्ये आणलाच.