शब्दवही: ‘कट’ खोडला, ‘शीअर’ लिहिला

मागच्या नोंदीत मी मोठ्या तोऱ्यात लिहिलं होतं, की इंग्रजीतला ‘कट’ आणि आपली ‘कात्री’ एकाच घरातले. ते परत घेतो.

घोळ ‘क’चा. संस्कृत आणि इंग्रजी एकाच जुन्या भाषेतून निघाल्या; संस्कृतात जिथे ‘क’, तिथे इंग्रजीत बहुधा ‘ह’ दिसतो: ‘कः’ आणि ‘हू’, दोन्हींचा अर्थ ‘कोण’. मग कात्रीचा ‘क’ ‘कट’मध्ये जसाच्या तसा कसा टिकेल? शिवाय ‘कट’ इंग्रजी लिखाणात १३००च्या आसपास उगवतो आणि त्याचं मूळ अजून वादातच आहे.

कात्रीची खरी बहीण निघाली ‘शीअर’, म्हणजे मेंढीची लोकर कातरणं. त्या जुन्या भाषेतल्या मूळ धातूत ‘क’च्या आधी ‘स’ होता. त्याच्या आडोशाला ‘क’चा ‘ह’ झाला नाही. पुढे इंग्रजीनं ‘स्क’चा ‘श’ केला. आपल्याकडे ‘स’ गळाला, मागे ‘त’ चिकटला आणि ‘कृत्’ (कापणे) झाला. त्यातून कर्तरी, मग कात्री. हा ‘स’ फार लहरी. ‘पश्यति’त (पाहतो) दिसत नाही, पण हेराला मात्र ‘स्पश’!

‘शॉर्ट’ याच कुळातला, कापून आखूड केलेला. ‘शर्ट’ आणि ‘स्कर्ट’ तर मुळात एकच शब्द. पहिला इंग्रजांच्या तोंडचा, दुसरा स्कँडिनेव्हियातून आलेला, म्हणून त्याचा ‘स्क’ शाबूत. ‘स्कोअर’ही तिकडचाच: काठीवर मोजणीसाठी पाडलेली खाच.

मला सर्वांत आवडली ती ‘कृत्ति’, सोलून काढलेलं कातडं. शंकर ते कातडं नेसतो, म्हणून कृत्तिवास. सापाची कातही हीच.

गंमत म्हणजे इंदुरात आमच्या घरी कात्री फक्त आई म्हणते. बाकी सगळे ‘कैची’, आणि ती तुर्की! मी जुन्या लग्नपत्रिका कापून या शब्दांच्या चिठ्ठ्या करत होतो, तर आतून आवाज आला, “अहो, ती ब्लाउजची कैची आहे! पुठ्ठ्याला लावलीत ना?” धार गेलीच होती. रविवारी सीतलामाता बाजारात जाऊन लावून आणली.

एकूण बारा चिठ्ठ्या झाल्या. तेरावी ‘कातणे’ची. धातुपाठात, म्हणजे संस्कृत धातूंच्या जुन्या यादीत, दोन ‘कृत्’ आहेत, एक छेदने (कापणे), दुसरा वेष्टने (गुंडाळणे). सूत दुसऱ्याचं, म्हणून ती चिठ्ठी वेगळ्या डब्यात टाकली आहे.