रोबोट की पोट उघडून?

थोरल्या बंधूंच्या बायोप्सीत प्रोस्टेट ग्रंथीचा कर्करोग निघाल्यापासून आमच्या घरात तिची शस्त्रक्रिया रोबोटने करायची की पोट उघडून, एवढी एकच चर्चा चालू आहे. त्याआधी एक घोळ निस्तरावा लागला. ओळखीतल्या अनेकांचे प्रोस्टेट ‘दुर्बिणीने’ झालेले असते. पण त्यात वयोमानाने वाढलेल्या ग्रंथीचा आतला भाग मूत्रमार्गातून खरवडून काढलेला असतो. कर्करोगात मात्र संपूर्ण ग्रंथी काढून मूत्राशयाचे तोंड मूत्रमार्गाला पुन्हा शिवावे लागते आणि तो सांधा जुळेपर्यंत आठ-पंधरा दिवस लघवीची नळी (कॅथेटर) ठेवावी लागते.

हे शिवणकाम जांघेच्या हाडामागे, खोल आणि अरुंद जागेत चालते. साध्या लॅपरोस्कोपीत, म्हणजे पोटाला छोटी छिद्रे पाडून केलेल्या शस्त्रक्रियेत, अवजारे सरळ दांड्यांची असल्यामुळे ते फार अवघड जाते. रोबोटही छिद्रांतूनच काम करतो आणि त्याला सर्जनच चालवतो, पण त्याची अवजारे मनगटासारखी वळतात आणि सर्जनला मोठे, त्रिमितीय चित्र दिसते. शिवाय आत जागा मिळावी म्हणून पोटात भरलेल्या वायूच्या दाबामुळे शिरांतून होणारा रक्तस्राव बराच कमी होतो. हे फायदे खरे आहेत.

जाहिरातींत मात्र नसा वाचवण्याचे श्रेयही यंत्रालाच दिलेले असते, ते मला पटत नाही. ग्रंथीच्या दोन्ही बाजूंनी जाणाऱ्या, लैंगिक क्षमतेशी निगडित नसा जपण्याचे तंत्र अमेरिकेतील बाल्टिमोरचे सर्जन पॅट्रिक वॉल्श यांनी १९८२ मध्ये, रोबोट येण्यापूर्वी, उघड्या शस्त्रक्रियेतच रूढ केले. ऑस्ट्रेलियातील ब्रिस्बेनमध्ये ३२६ रुग्णांची चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे दोन गटांत विभागणी करून तुलना झाली, तेव्हा दोन वर्षांनंतरही लघवीवरचा ताबा आणि लैंगिक क्षमता यांत दोन्ही पद्धतींमध्ये लक्षणीय फरक आढळला नाही. त्यातली मेख अशी की उघडी शस्त्रक्रिया करणाऱ्या सर्जनच्या गाठीशी दीड हजारांहून अधिक शस्त्रक्रिया होत्या, तर रोबोट चालवणाऱ्याच्या गाठीशी दोनशेहून थोड्या अधिक. त्यामुळे हा निकाल यंत्रांचा म्हणावा की माणसांचा, हा वाद उरतोच. पण कोणत्याही सर्जनला ‘आपण स्वतः अशा किती केल्या आणि वर्षभरानंतर किती जणांना लघवी गळते म्हणून पॅड लागत नाही?’ असे विचारण्याचा संकोच मी तरी सोडला आहे.

बंधूंच्या एमआरआयमध्ये गाठ उजवीकडे ग्रंथीच्या आवरणाला भिडलेली दिसते. त्या बाजूच्या नसा कोणत्याही पद्धतीत काढाव्याच लागतील, असे आम्ही ज्यांना भेटलो त्या दोन्ही सर्जननी स्वतंत्रपणे सांगितले.