काकांच्या कार्डावरची तारीख

मार्च म्हणजे आम्हा टॅक्सवाल्यांची लगीनघाई. त्या शनिवारी माझ्या न्यू जर्सीतल्या एडिसनच्या ऑफिसात ओळखीचे काका-काकू २०२५चं रिटर्न भरायला आले. काका सदुसष्टचे, अजून नोकरीत. काकू बासष्टच्या, काकांच्या कंपनीच्या आरोग्यविम्याच्या फॅमिली प्लॅनवर. फाइल नेहमीसारखी टापटीप. काकांच्या पगारातून एचएसएत, म्हणजे औषधोपचारासाठीच्या करसवलतीच्या बचत खात्यात, ९,५५० डॉलर गेलेले. त्या वर्षाची फॅमिलीची मर्यादा ८,५५०, वर पंचावन्नपुढच्यांना मिळणारे कॅच-अपचे १,०००. हिशेब चोख. मी पान उलटलं आणि सोशल सिक्युरिटीचा, म्हणजे सरकारी पेन्शनचा, फॉर्म दिसला.

"काका, पैसे घ्यायला कधी सुरुवात केलीत?"

"ऑक्टोबरमध्ये अर्ज केला. का गं?"

"आणि मेडिकेअर?" मी विचारलं. पासष्टीपुढच्यांचा सरकारी आरोग्यविमा तो.

"ते कुठे घेतलंय! कंपनीचा इन्शुरन्स आहे की."

"अहो, ते लाल-निळं कार्ड नाही का आलं?" म्हणत काकूंनी पर्समधून झिपची पिशवी काढली. आत कागदी कार्ड, घडी न मोडलेल्या पत्रासकट. पार्ट ए (मेडिकेअरचा हॉस्पिटलवाला भाग), ०४-०१-२०२५.

"चार जानेवारी?" काकू.

"नाही काकू, एक एप्रिल."

पासष्टीनंतर सोशल सिक्युरिटी सुरू केली की पार्ट ए आपसूक गळ्यात पडतो, नको म्हणायची सोय नाही. वर तो अर्जाच्या सहा महिन्यांपर्यंत मागे जातो. आणि मेडिकेअर लागलेल्या महिन्यापासून एचएसएत एक डॉलरही टाकता येत नाही. म्हणजे काकांचे हक्काचे महिने बारातले तीनच, मर्यादाही तेवढ्याच हिश्श्याची: २,३८७.५०. बाकीचे ७,१६२.५० जादा. तसेच राहू दिले तर ६ टक्के दंड, म्हणजे जवळपास ४३० डॉलर, आणि तोही पैसे काढेपर्यंत दरवर्षी.

काकांचा चेहरा उतरला. "अर्जाच्या सहा महिने आधी थांबवायचं, हे मला कोणी सांगायचं?" खरंच कोणी सांगत नाही. पगार खातं सोशल सिक्युरिटीबद्दल विचारत नाही आणि सोशल सिक्युरिटीवाले एचएसएबद्दल.

मी मात्र तोवर काकूंकडे बघत होते. मर्यादा ठरते ती प्लॅनवरून, नवऱ्याच्या वयावरून नाही. काकू वर्षभर फॅमिली प्लॅनवर होत्या, मेडिकेअर नाही, दुसरा इन्शुरन्स नाही. एप्रिल ते डिसेंबरचे ६,४१२.५० पूर्ण त्यांचे, शिवाय स्वतःचा कॅच-अप १,०००. एकूण ७,४१२.५०. काकांच्या जादा रकमेपेक्षाही अडीचशे जास्त! अट एवढीच की एचएसए जॉइंट नसतं. काकूंना आपल्या नावाचं खातं उघडून १५ एप्रिलच्या आत पैसे भरावे लागणार. काकांनी जादा रक्कम त्यावरच्या कमाईसकट त्याच तारखेआधी काढायची, ती उत्पन्नात धरायची, समोर काकूंची वजावट लावायची. (हे सगळं फेडरलपुरतं. आमचं न्यू जर्सी एचएसएची वजावट मानतच नाही, त्याचं रडगाणं वेगळं.)

"म्हणजे ह्यांचं चुकलं ते माझ्या नावावर बरोबर होणार?" काकू हसल्या. काकाही थोडे सैलावले, चहाचा कप एकदाचा उचलला.

तेवढ्यात मला सुचलं. "काका, यंदा पगारातून कापणं बंद केलंत ना?"

कप खाली आला. जानेवारी, फेब्रुवारी... काकांनी खिशातून फोन काढला आणि तिथेच बसून एचआरला मेल लिहायला घेतली.