घाम जिरू दे

"पहाटे पाऊस पडला का गं?" सासूबाईंनी बाल्कनीतून विचारलं. पाऊस कधीच परत गेला होता. कठड्याला टेकवून ठेवलेले माझे शूज होते, आत रविवारची पुरवणी कोंबलेली, आणि तरी खाली फरशीवर ओल धरलेली. घाम पाठीवरून, मांडीवरून, पोटरीवरून उतरत मोज्यात साठतो आणि मग पावलागणिक पचक पचक वाजतो, हे न धावणाऱ्या माणसाला सांगून पटत नाही. "हो, शिडकावा झाला थोडा," म्हटलं आणि पंख्याखाली जाऊन आडवी झाले.

मुंबईची मॅरेथॉन जानेवारीत. त्यामुळे तयारीतली लांब अंतरं नेमकी ऑक्टोबरात येऊन पडतात. ऊन टाळायचं म्हणून आम्ही साडेचारला शिवाजी पार्कात जमतो, आणि हवेतली आर्द्रता साधारण त्याच सुमाराला सर्वांत जास्त असते. ऊन चढेल तशी ती उतरते, पण तोवर ऊन आलेलं असतं. तेव्हा उकडून घ्यायचं की भाजून, एवढीच काय ती निवड. एक लिटर घाम वाळला तर अंगातली जवळपास 580 किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. नुसता टपकला तर काहीही नेत नाही. मुंबईत तो टपकतो. पुण्याचा मावसभाऊ फोनवर सांगतो, "आमच्याकडे ये धावायला, इथे घाम येतो तसा जातोही." पुणेकरांना अभिमान कशाचा असेल, सांगता येत नाही.

लाँग रनचा वेग ठरवायचा आमचा नियम जुनाच आहे. धावताना बोलता आलं पाहिजे. आख्खं वाक्य बोलता येत नसेल तर तुम्ही वाजवीपेक्षा जोरात धावताय. हृदयाचे ठोके मोजणारं घड्याळ प्रत्येकाच्या मनगटावर असतं, माझ्याही. पण मी मोजते ती माणसांची वाक्यं. कोण कुठे गप्प होतं याच्यावर माझं बारीक लक्ष असतं. दादर ते वरळी नुसता बाजार. कुणाच्या बिल्डिंगचं रिडेव्हलपमेंट, कुणाच्या मुलीचा दहावीचा क्लास, कुणाचा गुडघा, आणि व्हॅसलिन कुठे कुठे लावलं याची बायका-पुरुषांत मिळून बिनसंकोच चर्चा. हाजी अलीच्या आसपास लांबलचक वाक्यांचे तुकडे पडायला लागतात. पेडर रोडच्या चढावर क्रियापदं गळतात. मरीन ड्राइव्हला पोचेपर्यंत फक्त नामं शिल्लक. "पाणी." "सिग्नल." "कुत्रा."

अपवाद आमच्यातल्या निवृत्त बँकवाल्या काकांचा. त्यांची एक गोष्ट असते, आणि ती चौपाटीपाशी येते म्हणजे येतेच. 1920 च्या अँटवर्प ऑलिंपिकमध्ये आपले बेळगावचे फडेप्पा चौगुले मॅरेथॉन धावले. एकोणिसावे आले. 2 तास 50 मिनिटं! "आणि तेव्हा अंतर किती होतं? 42.75! आजच्यापेक्षा अर्धा किलोमीटर जास्त!" हे वाक्य ते कितीही दम लागला असला तरी उद्गारचिन्हासकट म्हणतात. अँटवर्पला त्या दिवशी चांगला गारठा होता, हे मात्र ते सांगत नाहीत. मी एकदा सांगून पाहिलं. आवडलं नाही त्यांना. फारच दमट दिवस असला तर काका धोका पत्करत नाहीत, पेडर रोड लागायच्या आधीच गोष्ट उरकून घेतात.

नरिमन पॉइंटच्या टोकाला एनसीपीए नाट्यगृह, तिथून वळसा. तिथे कुणाची तरी गाडी डिकी उघडी टाकून उभी असते. मीठ लावलेले उकडलेले बटाटे, संत्र्याच्या फोडी, चिक्की, इलेक्ट्रालचं पाणी. धावताना ताकदीसाठी चोखायच्या गोड जेलची पाकिटंही असतात, पण खोकल्याचं औषध घट्ट झाल्यासारखी ती चव मला गिळवत नाही. मी कमरेच्या पट्ट्यात गूळ ठेवते. तो पिशवीत वितळून बोटांना चिकटतो आणि पुढे मरीन ड्राइव्हभर बोटं चाटत धावावं लागतं. पाण्याच्या बाटलीला तोंड लावलं की आमच्यातली भूलतज्ज्ञ ओरडते, "घटाघट नको! आधी मीठ घे." तिचं एक ठरलेलं उदाहरण आहे. 2002 च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये 488 धावपटूंचं रक्त तपासलं, त्यातल्या 13 टक्क्यांचं सोडियम उतरलेलं निघालं; आणि उतरण्यामागे पाणी कमी पडणं नव्हतं, जास्त होणं होतं.

असं ओरडून घ्यायची मला लहानपणापासून सवय आहे. मे महिन्यात कोकणात आम्ही भावंडं भर दुपारी उंडारून यायचो तेव्हा आजी माजघराच्या उंबऱ्यावर तांब्या घेऊन बसलेली असायची. तांब्यावर फुलपात्र उपडं, शेजारी वाटीत गुळाचा खडा, खड्याला एक-दोन मुंग्या. गूळ लगेच मिळायचा, पाणी नाही. "घाम जिरू दे आधी." आणि जिरला की नाही हे ती आमच्या शब्दावर सोडायची नाही. मानेमागे, केसांच्या मुळाशी, तळहात दाबून बघायची. हात ओला लागला की, "बस अजून." आता कोकणातल्या मे महिन्यात घाम जिरणार कुठे? आम्ही बसलोय, तांब्याच्या अंगावरून पाण्याचे थेंब ओघळतायत, ते मोजतोय. शेवटी चुलतभावाने युक्ती काढली. मागीलदारी दोरीवर आजोबांचं धोतर वाळत असायचं, त्याला मान खसाखसा पुसून यायचं आणि साळसूदपणे आजीसमोर बसायचं. धोतराच्या एका टोकाला कायम मातकट पट्टा असे. आजीला तो दिसत नव्हता असं मला आता वाटत नाही, कारण धोतर तीच धुवायची.

इथे "आमच्या आजीला शास्त्र ठाऊक होतं" असं म्हणायची फार सोय आहे. पण तीच आजी तापात डोक्यावरून चादर घ्यायला लावायची आणि वर कडक चहा पाजायची. शिवाय मागे कुत्रं लागलेलं नसताना धावणारा माणूस तिच्या मते ठार वेडा.

तर परतीचा रस्ता. या वेळी वरळी सी फेसला आलो तेव्हा ऊन अंगावर आलं होतं. काका मागे राहिले होते, बाकीचे पांगले होते. माझ्या शेजारी हिरव्या टोपीवाला. गेली काही वर्षं आम्ही बरोबर धावतोय. मला त्याचं आडनाव माहीत नाही, डावं पाऊल आत पडतं हे माहीत आहे. धावताना कुणी कुणाच्या तोंडाकडे बघत नाही, दोघंही समोर. तसाच समोर बघत तो म्हणाला, "बाबांना परवा पुन्हा ॲडमिट केलंय. या वेळी डॉक्टर फार काही बोलत नाहीत."

चोविसाव्या किलोमीटरला दोन आख्खी वाक्यं, क्रियापदांसकट. हाजी अलीपासून जुळवत आणली असणार.

मी "हं" म्हटलं. तेवढाच श्वास होता. थोड्या वेळाने त्याने "पाणी?" विचारलं, मी बाटली दिली. शिवाजी पार्कला आम्ही पोटऱ्या ताणल्या, शहाळं प्यायलो, आणि तो सगळ्यांच्या आधी निघून गेला. हॉस्पिटलात डबा पोचवायचा होता.

पुढच्या रविवारी 30 किलोमीटर आहेत. विचारायचं तर वरळीच्या आधीच विचारायला हवं, नंतर मलाच बोलता येणार नाही.